वर्की कुटुंब सहा वनस्पतींत मोजायचं तर : फायटोझोम, एन्सेम्बल प्लँट्स आणि प्लाझा यांचं परीक्षण

ज्वारीत अमुक कुटुंबाची (एकाच मूळ जनुकापासून आलेल्या, सारख्या जनुकांच्या गटाची) जनुकं किती, हरभऱ्यात किती, तांदळाच्या मानाने वाढली की घटली, असे निबंध आज मोठ्या संख्येने लिहिले जातात. त्यातल्या आकड्यांचा बराच भाग वनस्पतीने ठरवलेला नसतो. तो प्रथिनांची फाइल कुठून उतरवली यावर ठरतो. तीच वनस्पती आणि तेच कुटुंब घ्या, फक्त संकेतस्थळ बदला, की आकडा बदलतो. म्हणून वनस्पतींच्या जीनोमची माहिती देणाऱ्या या तीन मोफत सेवांचं परीक्षण इथे एकाच कसोटीवर केलं आहे : कुटुंबाची तुलना करताना त्यांची फाइल किती भरवशाची आहे आणि वापरताना ती कुठे अडकवते. पानं किती देखणी आहेत याचा विचार केलेला नाही.

कसोटीसाठी वर्की हे कुटुंब घेतलं आहे. या कुटुंबातलं पहिलं प्रथिन 1994 मध्ये रताळ्यातून मिळालं. आज ते वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या नियंत्रक कुटुंबांपैकी, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या कुटुंबांपैकी, एक मानलं जातं. सुमारे 60 अमिनो आम्लांचा डोमेन (प्रथिनातला ठरावीक कामाचा तुकडा), त्यात डब्ल्यूआरकेवायजीक्यूके हा सात अक्षरांचा ठसा आणि त्यापाठोपाठ जस्त धरणारी सिस्टीन-हिस्टिडीनची रचना, एवढी ओळख पुरते. कुटुंबाचे तीन गट आहेत. पहिल्या गटात एका प्रथिनात दोन डोमेन असतात, दुसऱ्याचे पाच उपगट पडतात आणि तिसऱ्यात जस्ताच्या रचनेतलं शेवटचं हिस्टिडीन जाऊन तिथे सिस्टीन आलेलं असतं. कुटुंब ओळखायला सोपं असूनही मोजताना चुका करवतं, त्यामुळे ते कसोटीला योग्य आहे.

वनस्पती सहा : अरबिडॉप्सिस, तांदूळ, ज्वारी, हरभरा, तूर आणि अँबोरेला. अँबोरेला हवीच. सगळ्या सपुष्प वनस्पतींपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा तिची आहे, आणि सपुष्प वनस्पतींच्या उगमानंतर तिच्यात संपूर्ण जीनोमची द्विरावृत्ती (सगळा जीनोम दुप्पट होणं) झालेली नाही. एखादा उपगट ज्वारीत वाढला की बाकीच्यांत घटला हे तिच्याशिवाय ठरवता येत नाही.

फायटोझोम

हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं. या कामासाठी पहिली पसंती यालाच, आणि त्याचं कारण एकच फाइल आहे. प्रत्येक जीनोमच्या फोल्डरमध्ये सगळ्या प्रथिनांची एक फाइल असते आणि शेजारी ‘प्रायमरी ट्रान्सक्रिप्ट ओन्ली’ असं नाव असलेली दुसरी. या दुसऱ्या फाइलीत प्रत्येक लोकसचं (जीनोमवरच्या जनुकाच्या जागेचं) एकच प्रतिनिधी प्रथिन असतं. कुटुंब मोजताना होणारी सर्वांत सर्रास चूक ही फाइल आधीच टाळते. अरबिडॉप्सिसचंच पाहा. अरापोर्ट11 या नोंदणीत (जीनोमवर जनुकं कुठे आहेत याच्या यादीत) प्रथिन तयार करणारे 27,655 लोकस आहेत, पण त्यांपासून भाकीत केलेली प्रथिनं 48 हजारांच्या वर जातात. पूर्ण फाइल चाळली की एकाच जनुकाचे तीन-तीन आयसोफॉर्म (त्यापासून तयार होणारी वेगवेगळी रूपं) तीन सदस्य म्हणून मोजले जातात. ज्या वनस्पतीवर आरएनए-सिक्वेन्सिंगचं काम जास्त झालंय तिच्यात आयसोफॉर्म जास्त नोंदलेले असतात, म्हणून तिचं कुटुंब फुगलेलं दिसतं. निबंधात मात्र ते ‘विस्तार’ या शब्दाखाली छापलं जातं.

उतरवण्यासाठी मोफत खातं उघडावं लागतं. काही फाइली संस्थेच्या टेप-साठ्यात गेलेल्या असतात. तेव्हा आधी मागणी नोंदवायची आणि फाइल परत आल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, त्यामुळे इथून हव्या असलेल्या सगळ्या वनस्पतींची मागणी एकदम करावी.

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली ओळख-क्रमांकांची. ज्वारीच्या प्रथिनाच्या नावाला शेवटी टिंब आणि पी असं शेपूट असतं, तर जीएफएफ3 फाइलीत (जनुकांच्या जागा देणाऱ्या तक्त्यात) ते नसतं. शिवाय त्या फाइलीतल्या ‘आयडी’ या रकान्यात नोंदणीच्या आवृत्तीचा क्रमांक नावाला चिकटलेला असतो. प्रथिनं आणि गुणसूत्रावरची जागा जुळवताना ‘आयडी’ न घेता ‘नेम’ हा रकाना घ्यावा, आणि पीचं शेपूट कापावं. हे केलं नाही तर प्रोग्रॅम चूक दाखवत नाही. तो शांतपणे शून्य जोड्या देतो आणि ज्वारीत एकही समांतर खंड (जनुकांचा क्रम सारखा असलेला गुणसूत्राचा भाग) नाही असा निष्कर्ष निघतो.

दुसरी गोष्ट तारांकनाची. अनेक जीनोमच्या प्रथिनांच्या शेवटी थांबा दाखवणारं तारांकन असतं. साम्य शोधणारा डायमंड हा प्रोग्रॅम ते चालवून घेतो, पण डोमेन ओळखणारा इंटरप्रोस्कॅन अशी फाइल सरळ नाकारतो. फाइल उतरवल्या उतरवल्या तारांकनं काढावीत. मात्र ज्या प्रथिनाच्या मध्येच तारांकन येतं त्यांची वेगळी यादी ठेवावी, कारण तो छद्मजनुकाचा (निकामी झालेल्या जनुकाचा) किंवा जनुकाच्या चुकलेल्या मॉडेलचा, म्हणजे त्याच्या भाकीत केलेल्या रचनेचा, इशारा असतो. शेवटचं काढताना मधलंही पुसलं तर हा इशारा कायमचा जातो.

तिसरी गोष्ट परवानगीची, आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. काही जीनोम प्रकाशनाआधी लोकांसाठी खुले केलेले असतात आणि त्यांच्या पानावर निर्बंधाची सूचना असते. संपूर्ण जीनोममधलं एखादं कुटुंब ओळखून प्रसिद्ध करणं हे नेमकं त्या राखीव विश्लेषणांत मोडतं. एक-दोन जनुकं वापरायला हरकत नसते, अख्खं कुटुंब छापायला असते. आपल्या सहांपैकी अरबिडॉप्सिस, तांदूळ आणि ज्वारीचे मूळ जीनोम अनुक्रमे 2000, 2005 आणि 2009 मध्येच प्रसिद्ध झाले आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. तरीही यादीत सातवी वनस्पती घालायच्या आधी तिचं पान शेवटपर्यंत वाचा.

एन्सेम्बल प्लँट्स

युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटची ही सेवा 2009 पासून आहे. खातं लागत नाही, सगळ्या फाइली एफटीपीवर उघड्या असतात आणि प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक असतो. ‘अमुक क्रमांकाचं प्रकाशन’ एवढं लिहिलं की वाचणारा तीच फाइल पुन्हा उतरवू शकतो. पुनरावृत्तीच्या या शिस्तीत तिन्हींमध्ये ही सेवा सर्वांत पुढे आहे.

बायोमार्ट ही शोधाची सोय हे तिचं खरं बलस्थान. वनस्पती निवडायची, गाळणीत पीफॅम या डोमेन-संग्रहाचा पीएफ03106 हा क्रमांक टाकायचा, आणि वर्की डोमेन असलेल्या जनुकांची यादी ठिकाणांसकट काही मिनिटांत हातात येते. प्राथमिक अंदाजाला ही यादी उत्तम. अंतिम यादी म्हणून ती वापरू नये, कारण तिथल्या नोंदी त्या प्रकाशनाच्या वेळी इंटरप्रो या डोमेन-कोशाची जी आवृत्ती होती तिच्यावर चालतात. ऑर्थोलॉगही (वेगवेगळ्या प्रजातींत एकाच पूर्वज-जनुकापासून आलेली जनुकं) इथून घेता येतात, मात्र एका वेळी सहाच प्रजातींचे रकाने निवडता येतात. आपल्या सहांच्या कामाला ते पुरतं, मोठ्या कामाला तुकडे करून घ्यावे लागतं.

पण प्रत्येक लोकसचं एकच प्रथिन अशी तयार फाइल इथे नाही. ‘पेप ऑल’ नावाची फाइल म्हणजे सगळे आयसोफॉर्म. ऑर्थोफाइंडर या (पुढे येणाऱ्या) प्रोग्रॅमच्या टूल्स फोल्डरमध्ये ‘प्रायमरी ट्रान्सक्रिप्ट’ नावाची छोटी पायथन स्क्रिप्ट मिळते. ती प्रत्येक जनुकाचं सर्वांत लांब प्रथिन ठेवते आणि एन्सेम्बलच्या नावांची पद्धत तिला समजते. ती चालवल्याशिवाय पुढे जाऊ नये. जीएफएफ3मध्ये इथे नावाआधी ‘जीन’ किंवा ‘ट्रान्सक्रिप्ट’ आणि अपूर्णविराम (:) लावलेलं असतं, तेही कापावं लागतं. नाहीतर त्याच चिन्हाने पुढे वंशवृक्षाची न्यूइक फाइल मोडते, कारण तिथे ते चिन्ह फांदीची लांबी सांगतं.

तयार जनुक-वृक्षांबद्दल नीट समजून घेतलं पाहिजे. वर्की या नावाचं एकच मोठं झाड इथे मिळत नाही, कुटुंब अनेक झाडांत वाटलेलं असतं. त्यात दोष नाही, कारण ही झाडं ऑर्थोलॉग ठरवण्यासाठी बांधलेली आहेत. म्हणून या झाडांतल्या पानांची बेरीज करून कुटुंबाचा आकार काढू नका. त्यांचा उपयोग शंका फेडण्यासाठी होतो. तुमच्या झाडात ज्वारीचं एखादं जनुक विचित्र जागी बसलं, तर इथे त्याच जनुकाचं पान उघडून पाहावं. तिथेही ते तसंच एकटं पडलं असेल तर जनुकाचं मॉडेल तुटलंय का ते तपासावं.

तांदूळ : एकाच पिकाच्या दोन नोंदणी

दोन सेवांमधला सर्वांत महाग पडणारा फरक तांदळात आहे. फायटोझोमवर मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या नोंदणीची 7 वी आवृत्ती आहे, एन्सेम्बल प्लँट्सवर जपानच्या रॅप-डीबीची. दोन्ही निप्पोनबारे या वाणाच्याच, पण जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, आणि ते जनुक आहे की नाही, याबाबत त्यांचं एकमत नाही. मिशिगनच्या 7 व्या आवृत्तीत 55,986 लोकस आहेत, त्यांपैकी 39,045 ट्रान्सपोझॉनशी (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांशी) संबंध नसलेले. ट्रान्सपोझॉनवाले गाळले की नाही हे निबंधात लिहिलेलं नसेल तर दोन कामांची तुलना करायला आधारच उरत नाही.

रॅप-डीबीवर दोन्ही क्रमांकांची जुळणी देणारा तक्ता आहे, पण ती जुळणी एकास एक नाही. एका बाजूचं एक जनुक दुसऱ्या बाजूला दोन तुकड्यांत असतं, आणि काहींना जोडीदारच नसतो. जुन्या निबंधातली यादी मिशिगनच्या क्रमांकांची, नवी प्रथिनं रॅपची, आणि मधली जुळणी तक्त्याने, अशी सरमिसळ केली की काही सदस्य गळतात आणि काही दोनदा येतात. एक नोंदणी निवडावी आणि शेवटच्या तक्त्यापर्यंत तीच ठेवावी. ज्वारीतही दोन सेवांची नावं वेगळी दिसतात, एकीकडे ‘सोबिक’ने सुरू होणारी आणि दुसरीकडे ‘सॉर्बी’ने. तिथे मात्र पुढचे आकडे ओळखून जुळवता येतात. मक्यात तसं नाही. बी73 वाणाच्या 4 थ्या आणि 5 व्या आवृत्तीतले क्रमांक पूर्ण बदललेले आहेत.

कडधान्यं

हरभरा आणि तूर यांच्यासाठी लेग्यूम इन्फर्मेशन सिस्टिम या कडधान्यांच्या जीनोम-संग्रहाकडे वळणं योग्य. तिच्या डेटा स्टोअरमध्ये प्रत्येक फाइलीच्या नावातच वाण, जीनोमच्या बांधणीची (वाचलेले तुकडे जुळवून केलेल्या जीनोमची) आवृत्ती आणि नोंदणीची आवृत्ती असते. फाइल कितीही फोल्डरांतून फिरली तरी ती कुठली हे कळतं. ही पद्धत बाकीच्यांनीही उचलावी इतकी चांगली आहे.

इथे आकडे वाचताना मात्र जपावं लागतं. इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली तुरीच्या ‘आशा’ म्हणजे आयसीपीएल 87119 या वाणाचा जो पहिला मसुदा झाला, त्यात 48,680 जनुकं भाकीत केलेली होती. हरभऱ्याच्या सीडीसी फ्रंटियर या काबुली वाणात 2013 मध्ये 28,269. दोन्ही पिकं द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनच संच असलेली, आहेत. कडधान्यांच्या या शाखेत फार पूर्वी झालेली द्विरावृत्ती दोघांच्याही वाट्याला आलेली आहे, आणि सोयाबीनसारखी त्यानंतरची अलीकडची द्विरावृत्ती दोघांतही नाही. मग तुरीच्या कुटुंबात सदस्य जास्त दिसले की ते खरंच जास्त आहेत असं लगेच म्हणता येत नाही. तुरीच्या त्या मसुद्यात जीनोमच्या अंदाजे 833 मेगाबेसपैकी (मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं) सुमारे 605 मेगाबेसच जुळलेले होते. तुटक बांधणीत एक जनुक दोन तुकड्यांत मोजलं जातं, आणि न जुळलेल्या भागातलं मोजलंच जात नाही. दोन्ही चुका एकाच फाइलीत असतात.

याला दोन तपासण्या आहेत. पहिली बुस्को, म्हणजे सगळीकडे अपेक्षित असलेली जनुकं किती सापडतात ते पाहणारा प्रोग्रॅम : प्रथिनांच्या फाइलीवर प्रोटीन मोडमध्ये, एम्ब्रियोफायटा ओडीबी10 या संचासह. त्यात 1,614 जनुकं तपासली जातात, आणि पूर्ण, तुटक व गहाळ असे तीन भाग मिळतात. एका वनस्पतीत तुटक आणि गहाळ मिळून दुसरीपेक्षा पुष्कळ जास्त असतील तर त्या दोघींच्या कुटुंबांची संख्या शेजारी शेजारी मांडण्यात अर्थ नाही. दुसरी तपासणी लांबीची : सापडलेल्या प्रत्येक सदस्यात डोमेन पूर्ण आहे का, की अर्धाच आहे. अर्धा डोमेन असलेली दोन जनुकं गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतील तर ते बहुधा एकच जनुक चिरलेलं असतं. उलट एका प्रथिनात तिसऱ्या गटाचे दोन डोमेन दिसले तर शेजारची दोन जनुकं एका मॉडेलमध्ये जोडली गेली असण्याची शक्यता आधी पाहावी.

डोमेन शोधताना

डोमेन शोधणारा एचएमएमसर्च चालवताना पीफॅमच्या प्रोफाइलसोबत (डोमेनच्या सांख्यिकी नमुन्यासोबत) येणारी स्वतःची मर्यादा वापरावी, म्हणजे ‘कट जीए’ हा पर्याय. ई-मूल्य 10 चा उणे 5 वा घात असं सरसकट लावणं सोयीचं वाटतं, पण ई-मूल्य, म्हणजे योगायोगाने अपेक्षित जुळण्यांची संख्या, फाइलीतल्या प्रथिनांच्या संख्येवर अवलंबून असतं. 28 हजारांच्या आणि 48 हजारांच्या फाइलींना तोच आकडा सारखा लागू होत नाही. पीफॅमचं जुनं स्वतंत्र संकेतस्थळ 2023 च्या सुरुवातीला बंद झालं. प्रोफाइल आता इंटरप्रोवरून घ्यावं लागतं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतले दुवे चालत नाहीत.

निकाल प्रथिनांच्या तक्त्यात आणि डोमेनच्या तक्त्यात असा दोन प्रकारे मागवता येतो. दोन्ही मागवा. मोजणी लोकसांची करायची, गट ठरवायचा डोमेनवरून. डोमेनच्या तक्त्यातल्या ओळी मोजल्या तर पहिल्या गटाचा प्रत्येक सदस्य दोनदा येतो. मिळालेल्या भरवशाच्या सदस्यांची जुळणी करून त्यावरून एचएमएमबिल्डने त्या वनस्पतीचं स्वतःचं प्रोफाइल बांधावं आणि पुन्हा शोध घ्यावा. ठशात बदल झालेले सदस्य, जसे क्यूच्या जागी के असलेले, या दुसऱ्या फेरीत हाती लागतात. सात अक्षरांचा ठसा अचूक नाही म्हणून सदस्य काढून टाकणं चूक आहे. जस्ताची रचना शाबूत असेल तर तो ठेवावा आणि तक्त्यात बदल नोंदवावा.

एका जनुकाकडे विशेष लक्ष द्या : अरबिडॉप्सिसचं आरआरएस1, ज्याला वर्की52 असंही म्हणतात. त्यात रोगप्रतिकारातल्या एनबीएस-एलआरआर प्रथिनाच्या शेवटी वर्की डोमेन जोडलेला आहे. जिवाणू ज्या वर्की प्रथिनांवर हल्ला करतात त्यांचं हे आमिष आहे, आणि शेजारच्या आरपीएस4 या जनुकाच्या जोडीने ते हल्ला ओळखतं. मोजणीच्या दृष्टीने अडचण अशी की डोमेनने शोधलं तर ते वर्कीत येतं, आणि पूर्ण लांबीच्या साम्याने गट केले तर ते प्रतिकार-जनुकांत ओढलं जातं. अशा जोड-प्रथिनांची वेगळी ओळ ठेवणं हाच प्रामाणिक उपाय.

प्लाझा

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठ आणि व्हीआयबी यांची ही सेवा. 5 व्या आवृत्तीत 134 वनस्पती आहेत, द्विदल आणि एकदल अशा दोन स्वतंत्र भागांत. ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय नाही त्यांच्यासाठी तिन्हींत हीच सर्वांत उपयोगी. जनुकाचा क्रमांक टाकला की त्याचं कुटुंब, वंशवृक्ष, जनुकाची रचना आणि शेजारच्या जनुकांचा क्रम एका पानावरून गाठता येतो. कुटुंबाचे क्रमांक दोन प्रकारचे असतात : ‘होम’ने सुरू होणारं मोठं कुटुंब आणि ‘ऑर्थो’ने सुरू होणारे त्यातले उपगट. दोन निबंधांत एकाच जनुकासाठी वेगवेगळे आकडे दिसतात त्यामागे कित्येकदा एवढंच असतं की एकाने होमचा आकडा घेतला आणि दुसऱ्याने ऑर्थोचा.

प्लाझाची सर्वांत मोलाची सोय म्हणजे ऑर्थोलॉगचे पुरावे वेगवेगळे दाखवणं. वंशवृक्ष, उपगट, सर्वोत्तम साम्य आणि जनुकांचा समांतर क्रम या चार मार्गांपैकी किती मार्ग एका जोडीवर सहमत आहेत ते दिसतं. ज्वारीतलं नेमकं कोणतं वर्की तांदळातल्या अभ्यासलेल्या जनुकाच्या जागी आहे, हे प्रयोगशाळेत प्रायमर मागवायच्या आधी ठरवायचं असेल, तर ही खिडकी पैसे वाचवते. चारही मार्ग सहमत असलेली जोडी घ्यावी. एकाच मार्गावर उभी असलेली जोडी पुढच्या कामाचा पाया म्हणून घेऊ नये.

मर्यादा दोन. एकदल आणि द्विदल वेगळे असल्यामुळे आपल्या सहा वनस्पती एका पानावर येत नाहीत. प्रत्येक भागात दुसऱ्या बाजूचे मोजकेच प्रतिनिधी ठेवलेले आहेत. आणि प्रत्येक आवृत्ती त्या वेळच्या जीनोमवर गोठवलेली असते, नवी बांधणी आली म्हणून मधल्या काळात ती बदलत नाही. म्हणून प्लाझावर निवड करावी, पण तुलनेचा अंतिम तक्ता आपल्या हातातल्या फाइलींवर बांधावा.

ऑर्थोफाइंडर

अनेक वनस्पतींची जनुकं वंशानुसार गटांत लावणारा, ऑक्सफर्डमध्ये तयार झालेला हा प्रोग्रॅम सहा फाइलींचा एक फोल्डर मागतो, एका वनस्पतीची एक फाइल. सहा वनस्पती म्हणजे प्रत्येकीचा प्रत्येकीशी, स्वतःशीही, असे 36 डायमंड शोध. वनस्पती दुप्पट केल्या की शोध चौपट होतात, म्हणून उगाच वीस वनस्पती घालू नयेत. फाइलीचं नाव तेच निकालात वनस्पतीचं नाव होतं, त्यामुळे ते लहान आणि स्पष्ट ठेवा. अडचण बहुतेक वेळा उघड्या फाइलींच्या मर्यादेची येते. लिनक्समध्ये ‘यूलिमिट’ने ती आधी वाढवून घ्यावी.

दोन बाबतीत निकाल चुकीचा वाचला जातो. एक, कुटुंब आणि ऑर्थोग्रुप एक नव्हेत. निवडलेल्या वनस्पतींच्या शेवटच्या समान पूर्वजातल्या एका जनुकाचे सगळे वंशज म्हणजे एक ऑर्थोग्रुप. त्या पूर्वजात वर्कीची बरीच जनुकं होती, म्हणून वर्की कुटुंब अनेक ऑर्थोग्रुपांत पसरणारच. डोमेनने मिळालेली यादी ऑर्थोग्रुपांवर टाकून पाहायची : कोणत्या गटात अँबोरेलाचं एक आणि ज्वारीची चार जनुकं आहेत, कोणता गट फक्त गवतवर्गात आहे. तुलनेतली खरी माहिती इथे असते, एकूण बेरजेत नसते. दुसरी बाब म्हणजे जुन्या सवयीने ‘ऑर्थोग्रुप्स’ नावाचा तक्ता उघडला जातो. त्याऐवजी वंशवृक्षावर आधारलेल्या श्रेणीबद्ध गटांच्या फोल्डरमधला ‘एन0’ हा तक्ता वापरावा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीही शिफारस तीच आहे.

वर्कीचं स्वतःचं झाड बांधताना क्रमांची जुळणी करणाऱ्या मॅफ्टची एल-आयएनएस-आय पद्धत घ्यावी, ती साधारण 200 क्रमांपर्यंत सोयीची. त्याहून जास्त झाले तर उपगट पाडून काम करावं. पहिल्या गटाचे दोन डोमेन दोन वेगळी पानं म्हणून ठेवावेत. वंशवृक्ष बांधणाऱ्या आयक्यू-ट्रीमध्ये मॉडेल निवडीसह 1,000 अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम ते पाहणाऱ्या फेऱ्या) चालवल्यावर 95 आणि त्यावरचा आधार भरवशाचा मानायचा. साध्या बूटस्ट्रॅपच्या सवयीने 70 वर समाधान मानू नये, दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. 60 अमिनो आम्लांत खोलवरच्या फांद्या ठरवण्याइतकी माहिती नसते. तिथे आधार कमी आला तर तो कमीच छापावा.

टीबीटूल्स आणि एमसीस्कॅनएक्स

विंडोजवर काम करणाऱ्यांना दक्षिण चीन कृषी विद्यापीठात तयार झालेल्या टीबीटूल्सने फार मोठा आधार दिला आहे. जनुकांची रचना, गुणसूत्रावरच्या जागा, समांतर खंडांची वर्तुळाकृती, सगळं माऊसने होतं. अडचण अशी की आतले पर्याय नजरेआड राहतात आणि निबंधाच्या ‘पद्धती’त फक्त प्रोग्रॅमचं नाव उरतं. आतमध्ये समांतर खंड शोधणारा एमसीस्कॅनएक्सच चालतो. त्याचे मूळ आकडे लिहून ठेवा : एका खंडात किमान 5 जनुकं आणि मधे जास्तीत जास्त 25 चं अंतर. चित्र रिकामं आलं तर पहिल्यांदा गुणसूत्रांची नावं पाहा. फायटोझोममध्ये ‘सीएचआर01’ आणि एन्सेम्बलमध्ये नुसतं ‘1’ असतं. जीनोम एका ठिकाणचा आणि जीएफएफ3 दुसरीकडची घेतली की असंच होतं.

एमसीस्कॅनएक्स स्वतंत्र चालवत असाल तर त्याला जीएफएफ3 देऊ नका. गुणसूत्र, जनुक, सुरुवात, शेवट असे चारच रकाने हवेत. ब्लास्ट या साम्य-शोधात प्रत्येक प्रथिनाशी जुळणारी पहिली पाचच प्रथिनं ठेवावीत. द्विरावृत्तीचा प्रकार ठरवणारा त्याचा सोबती प्रोग्रॅम प्रत्येक जनुकाला 0 ते 4 अंक देतो : 0 एकटं, 1 विखुरलेलं, 2 जवळचं, 3 लागून असलेलं आणि 4 संपूर्ण जीनोम किंवा मोठ्या खंडाच्या द्विरावृत्तीतलं. या प्रोग्रॅमला संपूर्ण जीनोमची जनुकं द्यायची असतात. फक्त वर्कीची यादी दिली तर कुटुंबातली दूरदूरची जनुकं शेजारी समजली जातात आणि लागून असलेल्यांची संख्या खोटी वाढते.

द्विरावृत्तीचा काळ काढताना केएसला (प्रथिन न बदलणाऱ्या डीएनए-बदलांचं दर जागेमागचं प्रमाण) बदलाच्या वेगाच्या दुपटीने भागायचं. गवतवर्गासाठी साधारण 6.5 गुणिले 10 चा उणे 9 वा घात घेतला जातो, अरबिडॉप्सिसच्या कुळासाठी 1.5 गुणिले 10 चा उणे 8 वा घात. ज्वारीतल्या एका जोडीचं केएस 0.9 असेल तर पहिल्या वेगाने सुमारे 7 कोटी वर्षं येतात. गवतवर्गाच्या जुन्या द्विरावृत्तीशी हा काळ जुळतो. तीच जोडी अरबिडॉप्सिसच्या वेगाने मोजली तर 3 कोटी वर्षं येतात आणि अस्तित्वात नसलेली घटना शोधून काढल्यासारखं होतं. केएस 2 च्या पुढे गेलं तर काळ काढूच नये, तिथे बदलांवर बदल साचलेले असतात.

कॅफे या प्रोग्रॅमने कुटुंबांचा विस्तार-संकोच मोजायचा असेल तर तीन गोष्टी आधी करून घ्या. झाड कालमापित (फांद्यांची लांबी काळात मोजलेलं) असावं लागतं, ऑर्थोफाइंडरचं झाड जसंच्या तसं चालत नाही. कोणत्याही एका वनस्पतीत 100 किंवा अधिक प्रती असलेले गट मुख्य गणनेतून बाजूला काढायचे, नाहीतर वेगाचा अंदाज बिघडतो. आणि चूक-मॉडेलचा पर्याय आधी चालवायचा. तुरीसारख्या तुटक बांधणीचा परिणाम त्यातच काही प्रमाणात वजा होतो.

यंत्र फार मोठं लागत नाही. सहा वनस्पतींचं ऑर्थोफाइंडर 16 जीबी स्मृतीच्या साध्या डेस्कटॉपवर होतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) टाकून बायोकोंडा या प्रोग्रॅम-भांडारातून घ्यावं. तेही शक्य नसेल तर युरोपातल्या सार्वजनिक गॅलेक्सी सर्व्हरवर ऑर्थोफाइंडर, एचएमएमसर्च, मॅफ्ट आणि आयक्यू-ट्री ब्राउझरमधून मोफत चालवता येतात, आणि प्रत्येक पायरीचे पर्याय तिथल्या इतिहासात आपोआप नोंदले जातात. राहुरी, परभणी, अकोला किंवा दापोलीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या लॅपटॉपवर ज्वारीचं किंवा तुरीचं कुटुंब पाहायचं असेल, तर फायटोझोमची प्रायमरी फाइल (तुरीसाठी लेग्यूम इन्फर्मेशन सिस्टिमची फाइल) गॅलेक्सीवर चढवून सुरुवात करावी, आणि प्रत्येक फाइल उतरवल्याची तारीख व आवृत्ती पहिल्याच दिवशी एका तक्त्यात लिहावी.